घाटाची वाट

पुण्याहून महाडकडे जाण्यास आता एकाहून अधिक मार्ग आहेत. आमच्या घरातील मंडळी बहुधा ताम्हिणी घाट उतरून माणगावला जातात आणि तेथून रुंद महामार्गाने महाड गाठतात. मी मात्र, रस्ता उघडा असेल तेव्हा, भोरवरून वरंधा घाटाने जाते. या मार्गाला वेळ अधिक लागतो, रस्ता अरुंद आहे, खड्ड्यांची उणीव कधीच भासत नाही, आणि आमच्या धाकट्या भाच्याला दुसऱ्या वळणावरच मळमळू लागते. "मग तू याच वाटेने का जातेस?" असे मला पुष्कळदा विचारण्यात येते. त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला अद्याप साधलेले नाही.

माझे आजोळ महाडजवळच्या एका खेड्यात. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई आम्हा भावंडांना घेऊन भोरमार्गे जाणाऱ्या एस. टी.त बसे. तिच्या पिशवीत आवळासुपारीची डबी आणि दोन-चार लिंबे हटकून असत; घाट लागला की ती लिंबू आमच्या नाकाशी धरी. भाऊ डोळे मिटून घेई. मी मात्र चालकाच्या अगदी मागच्या बाकावर बसण्यासाठी भांडत असे. कारण कित्येकदा ती गाडी माझे मामाच चालवीत असत.

मामांचा जन्म १९४८ सालचा. त्याच वर्षी, १ जून रोजी, पुणे आणि अहमदनगर या दोन शहरांमध्ये एस. टी.ची पहिली गाडी धावली. त्यामुळे एस. टी. ही आपली जुळी बहीण आहे, असे ते मोठ्या ऐटीने सांगत. घरी आल्यावर मामा साधे दिसत. अंगात बंडी, हातात तंबाखूची चंची. पण खाकी पोशाख चढवून ते त्या उंच आसनावर बसले की मला एखाद्या किल्लेदारासारखे वाटत. त्या काळच्या गाड्यांचे चाक जड असे. वळण आले म्हणजे मामा पुढे झुकत, दोन्ही हातांनी ते प्रचंड चाक ओढीत, आणि वळण संपताच हात किंचित सैल सोडीत. मग ते चाक आपले आपण सरसर उलटे फिरून जागेवर येई. त्या परतणाऱ्या चाकाकडे पाहण्यात मला जी मौज वाटे, ती खिडकीबाहेरच्या दरीतही वाटत नसे. मामांच्या तळहातांना घट्टे पडले होते. मी ते बोटाने दाबून पाही, तेव्हा ते म्हणत, "हे वरंध्याने दिलेले शिक्के आहेत बरं का!"

एकदा मी त्यांना विचारले, "मामा, रस्ता सरळ खाली का नेला नाही? केवढी वाट वाचली असती!" त्यांनी उत्तर न देता अंगणातली शिडी भिंतीला लावली आणि मला पाण्याची बादली घेऊन चढावयास सांगितले. मी चार पायऱ्यांतच दमले. मग त्यांनी परसातल्या टेकाडाला वळसा घालून जाणाऱ्या पायवाटेने तीच बादली वर नेण्यास सांगितले. वाट लांब होती, पण बादली वर पोचली. पुढे शाळेत गणित शिकताना मला या बादलीची आठवण झाली. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची चढावी, असा बेताचा चढ ठेवला आणि सहाशे मीटर उंची गाठावयाची असली, तर रस्ता बारा किलोमीटर लांब हवाच. पण डोंगराच्या अंगावर सरळ बारा किलोमीटर जागा कोठून मिळणार? म्हणून तो रस्ता एकदा उजवीकडे जातो, पुन्हा मागे वळतो, नाळेत शिरतो, सोंडेवरून बाहेर येतो, आणि चुण्यांचे लुगडे नेसवावे तसा डोंगराच्या अंगाभोवती गुंडाळला जातो. घाटातील प्रत्येक वळण म्हणजे उंचीचे केलेले हप्ते होत.

आता त्या वाटेने मीच गाडी चालवीत जाते. मला सर्वांत आवडतो तो आश्विन महिना. पाऊस सरलेला असतो, पण डोंगर अजून वाळलेले नसतात. भोर मागे पडले की थोड्याच वेळात नीरा-देवघर धरणाचे पाणी रस्त्याला सोबत करू लागते. रस्ता डोंगराच्या प्रत्येक सोंडेला मान देत वळतो आणि पाणी प्रत्येक खोबणीत शिरून बसलेले असते. त्यामुळे ते कधी अगदी चाकांखाली येते, तर कधी एकदम दूर जाऊन चकाकते. पाण्याच्या वर भाताची खाचरे पिवळी पडू लागलेली असतात. बांधांवर सोनकीची पिवळी फुले उरलीसुरली डोलत असतात. हिरडोशी ओलांडली की वस्ती विरळ होते, झाडी रस्त्यावर झुकते, आणि शिरगावच्या पुढे चढ संपत येतो तेव्हा वारा बदलल्याचे स्पष्ट जाणवते. देशावरचा कोरडा वारा जाऊन दमट, जड, किंचित कोमट असा कोकणचा वारा काचेतून आत येतो. समुद्र अजून साठ-सत्तर किलोमीटर दूर असतो. परंतु त्याचा निरोप येऊन पोचलेला असतो.

खिंडीत मी नेहमी गाडी थांबविते. याला एक जुने कारण आहे. नीरा नदीचा उगम शिरगावचाच. खिंडीच्या पूर्वेला पडलेला पावसाचा थेंब नीरेतून भीमेला मिळतो, भीमेतून कृष्णेत जातो आणि हजाराहून अधिक किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला पोचतो. त्याच ढगातला, पण चार पावले पश्चिमेला पडलेला थेंब कड्यावरून उडी घेऊन सावित्रीच्या खोऱ्यात उतरतो आणि बाणकोटजवळ अरबी समुद्रात शिरतो. हे मला प्रथम कळले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आपल्या तांब्यातले अर्धे पाणी इकडे ओतावे आणि अर्धे तिकडे, म्हणजे एकाच तांब्याने दोन समुद्रांत भर घातल्यासारखे होईल, असा विचार माझ्या मनाने घेतला. पण एस. टी. खिंडीत थांबत नसे. मामांना मी परोपरीने विनविले, ते म्हणाले, "पन्नास माणसांना तुझ्या तांब्यासाठी ताटकळत ठेवू काय?" पुढे स्वतःची गाडी घेतल्यावर पहिल्याच खेपेस मी खिंडीत उतरले आणि दोन्ही अंगांना पाणी ओतले. ते जमिनीत तत्काळ जिरून गेले, समुद्रापर्यंत काही पोचले नसावे. तरी स्वतः गाडी चालविण्यातील पहिले सुख मला तेथे कळले: वाटेल तेथे थांबता येते.

खिंडीपासून जवळच वाघजाईचे देऊळ आहे. तेथे टपऱ्यांतून चहा आणि कांदाभजी मिळतात. भजी खाताना एक हात माकडांसाठी मोकळा ठेवावा लागतो. समोर दरी पसरलेली असते. दरीपलीकडच्या कड्यांकडे नीट पाहिले तर ते एकसंध नसून थरांचे बनलेले आहेत, हे ध्यानात येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर चढून सह्याद्रीचा हा काळा खडक झाला. रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तेथे हे थर हाताने चाचपता येतात. कित्येक घाटांत दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा एक पट्टा दिसतो. एक थर थिजून त्याची माती होऊ लागली, आणि मग तिच्यावर नवा लाव्हा येऊन पडला, त्या मधल्या काळाची ती खूण असते. गाडी वळणावरून जाते तेव्हा एका मिनिटात आपण लाखो वर्षे उतरून जातो. अर्थात चालविणाऱ्याने त्या वेळी खडकाकडे पाहू नये, हेही खरे.

कारण घाट हा चालविणाऱ्याचे सगळे मन मागून घेतो, आणि मला वाटते, त्यातच त्याचे खरे सुख आहे. सरळ रुंद रस्त्यावर हात चाकावर असतात आणि मन घरच्या जमाखर्चात हिंडत असते. घाटात ते चालत नाही. वळण दिसू लागले की आधी वेग कमी करावयाचा, योग्य गिअर टाकावयाचा, भोंगा वाजवून पलीकडून उत्तर येते का ते ऐकावयाचे. मग चाक अलगद वळवावयाचे आणि दृष्टी रस्ता जेथे पुन्हा उलगडणार आहे तेथे लावावयाची. दरीकडे पाहू लागलो तर हातही नकळत तिकडेच वळतात. हे सर्व नेमके जुळले म्हणजे गाडी हिसका न देता, झोपाळा परतावा तशी वळणातून बाहेर येते. एक वळण असे साधले की दुसरे साधावेसे वाटते. ते बिघडले तर तिसरे सुधारावेसे वाटते. वेगाचा येथे काही संबंध नाही. घाटात माझी गाडी क्वचितच ताशी तीस किलोमीटरच्या वर जाते. तरीही घाट उतरल्यावर, पुष्कळ वेळ गात बसल्यावर यावा तसा एक प्रसन्न थकवा अंगाला येतो.

हे शहाणपण मला आरंभापासून होते असे मात्र नाही. मी चोवीस वर्षांची असताना एक जुनी गाडी घेऊन पहिल्यांदा एकटी या घाटात उतरले. पेट्रोल वाचवावे म्हणून मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. उतार आहे, गाडी आपोआप चालते, मग इंजिनाला कशाला कष्ट? पहिली काही वळणे मजेत गेली. वेग वाढे तसा मी ब्रेक दाबी. थोड्या वेळाने कापड करपल्यासारखा वास येऊ लागला. कोणी डोंगरावर गवत जाळीत असेल, असे मला वाटले. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तो पाय कापसात रुतावा तसा खाली गेला. गाडी थांबेना. पुढे कठडा होता, आणि कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे होते. बुंधे दिसत नव्हते.

त्या क्षणी मला मामांचे एक वाक्य आठवले: "ज्या गिअरमध्ये चढ चढशील, त्याच गिअरमध्ये तो उतर." ते वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकले होते आणि शंभरदा सोडून दिले होते. मी धडपडत दुसरा गिअर टाकला. इंजिन ओरडले, गाडीला मोठा हिसका बसला, पण तिची धाव मोडली. हातब्रेक हळूहळू ओढीत मी तिला दरीपासून दूर, डोंगराच्या कडेला घेतले. गटाराच्या काठच्या मुरुमात चाके रुतली आणि गाडी उभी राहिली. माझे गुडघे इतके कापत होते की दार उघडून उतरणेही जमेना.

वर शेळ्या चारणारे एक म्हातारे बाबा हे सगळे पाहत होते. ते खाली आले, दोन मोठे दगड त्यांनी चाकांना लावले आणि विचारले, "चाकं तापली न्हवं?" मी बाटलीतले पाणी चाकांवर ओतण्यास निघाले, तेव्हा त्यांनी हात आडवा केला. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले तर ते तडकते. मग आम्ही दोघे अर्धा-पाऊण तास बसून राहिलो. शेळ्या माझ्या गाडीभोवती हिंडत होत्या. गाडी निवल्यावर मी आभार मानून निघाले आणि आरशात पाहिले, तो बाबा वाकून ते दोन्ही दगड रस्त्यावरून बाजूला सारीत होते. चाकांना लावलेले दगड तसेच टाकून जाणारी माणसे घाटात पुष्कळ. रात्री त्याच दगडांवर दुसऱ्याचे चाक आपटते. मीही त्या दिवशी तशीच एक झाले होते.

पुढे मी यामागचे कारण समजून घेतले. इतक्या उंचीवरून उतरताना गाडीच्या ठायी जी शक्ती असते, ती कोठेतरी खर्च व्हावी लागते. गिअर टाकलेला असला म्हणजे फिरणारे इंजिनच तिला अडविते. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ते तापतात, त्यांच्यातील द्रव उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पाय कितीही दाबला तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही. बरे, पेट्रोल तरी वाचते का? आताच्या गाड्यांत उतारावर गिअर टाकून वेगवर्धकावरचा पाय काढला की इंजिनाचे इंधन जवळजवळ बंदच होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यासाठी ते जळतच राहते. म्हणजे माझा हिशोब दोन्हीकडून चुकला होता.

घाटाच्या काही रीतीही मी मामांकडूनच शिकले. अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्यास वाट द्यावी. हा नियमही आहे आणि माणुसकीही आहे. कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणे किती अवघड, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. वाट मिळालेला चालक जाताना हात वर करतो. ओळख नाही, देख नाही, पुन्हा भेट होण्याचा संभव नाही. तरी तो एक हात दिवसभर लक्षात राहतो. महामार्गावर दिवसाकाठी हजार गाड्या शेजारून जातात, पण कोणी कोणास हात दाखवीत नाही.

या वाटेवर माझे प्रेम आहे म्हणून तिचे सगळेच गोड आहे, असे मी म्हणणार नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगराचा कडा खाली आला आणि वाडीतील ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच पावसात महाड शहर पाण्याखाली गेले आणि वरंधा घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला. त्यानंतर काही पावसाळ्यांत हा घाट वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागला. ज्या कड्यांकडे पाहत मी भजी खाल्ली, त्याच डोंगररांगेतला एक कडा माणसांवर कोसळला, ही गोष्ट मला तेव्हापासून विसरता येत नाही. घाट बंद असल्याची पाटी दिसली की पूर्वी माझा हिरमोड होत असे. आता मी मुकाट्याने गाडी वळविते. रस्ता करण्यासाठी आपण डोंगराच्या पायथ्याचा आधार कापतो, आणि मुसळधार पावसात भिजून जड झालेली माती तो आधार शोधू लागते. रस्ता रुंद करा, अशी मागणी मीही एकेकाळी मोठ्या आवाजात करीत असे. आता ती करताना माझा आवाज खाली येतो.

त्या पावसानंतर आम्ही मामांना पुण्यास येऊन राहा म्हणून फार विनविले. "एवढी वर्षे डोंगराच्या अंगावरून माणसे ने-आण केली, आता त्याला पाठ दाखवू काय?" असे म्हणून त्यांनी तो विषय संपविला. पुढे एका आश्विनात त्यांच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्यासाठी मात्र ते आमच्याकडे आले. पंधरा दिवसांतच त्यांना घराची ओढ लागली. त्यांना पोचविण्यास मी निघाले, तेव्हा मामींनी फोनवरून बजाविले, "ताम्हिणीने या गं, रस्ता बरा आहे." मामा गाडीत बसले, पट्टा लावला, आणि कात्रज मागे पडेपर्यंत काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "भोरवरून घे."

वरंधा चढेपर्यंत ते दोन्ही बाजूंना पाहत होते. नव्या डोळ्यांनी त्यांना झाडाचे पान न् पान दिसत होते. खिंडीत मी गाडी थांबविली, तेव्हा ते आपण होऊन उतरले आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली. अर्धे पाणी इकडे ओतले, अर्धे तिकडे. "झालं समाधान? चाळीस वर्षं मागे लागली होतीस," ते म्हणाले. वाघजाईला हात जोडून आम्ही उतारास लागलो.

आणि मग माझ्या ध्यानात आले की वळण आले रे आले, की मामांचा उजवा पाय गाडीच्या तळावर दाबला जात आहे. तेथे ब्रेक नव्हता. नुसती चटई होती. त्यांचे हात मांडीवर स्वस्थ होते, नजर समोर होती, पण पाय मात्र माझ्या अगोदर अर्धा क्षण खाली जाई आणि वळण संपताच वर येई. मी काही बोलले नाही. मी त्यांच्या पायाकडे पाहूनच दोन-तीन वळणे घेतली. ती माझ्या आजवरच्या सगळ्या वळणांपेक्षा चांगली साधली.

माझेरी मागे पडली. समोरून एक लाल एस. टी. भोंगा देत चढ चढत येत होती. मी गाडी कडेला घेऊन थांबले. शेजारून जाताना तिच्या चालकाने, एका तरुण मुलाने, हात वर केला. मामांनी खिडकीतून आपला हात बाहेर काढला आणि ती गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तसाच वर धरून ठेवला. मग त्यांनी काच वर केली आणि मान मागे टेकली. खाली वरंध गावाची कौले दिसू लागली, तेव्हा मी पुन्हा एकदा त्यांच्या पायाकडे पाहिले. पाय स्थिर होता. मामांना झोप लागली होती.